अंगणाचं भाडं

खल्लूफ रंगारी पहिल्यांदा आमच्या दाराशी आला तेव्हा मी आत कांदा चिरत होते, आणि कान दाराकडे होते. ही माझी जुनी खोड. शेजारी काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही.

"नसरभाऊ, एक विनंती होती," खल्लूफ माझ्या नवऱ्याला म्हणाला. "अंगणातला तुमचा हक्क आम्हाला भाड्यानं द्याल का? फक्त शनिवारपुरता."

माझा हात थांबला. अंगण भाड्यानं, आणि तेही एका दिवसापुरतं?

मिसर देशातल्या फुस्तात शहरात आमची ती वास्तू, तिचे तीन भाग आणि अंगण एकच. एका भागात खल्लूफ आणि त्याची बायको तुर्फा. समोर तुर्फाची आई आणि भाऊ हिलाल. ही दोन्ही घरं यहुद्यांची. तिसऱ्या भागात आम्ही, चार महिन्यांपूर्वी आलेलो. आमच्या आधी तिथंही यहुदी भाडेकरूच राहत होते.

नसर लव्हाळ्याच्या चटया विणतो. मनानं दिलदार, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

"शेजाऱ्याकडून भाडं घेऊ मी?" तो म्हणाला. "लोक थुंकतील माझ्या तोंडावर. वापरा की अंगण. फुकट वापरा."

"फुकट चालत नाही हो," खल्लूफ ओशाळून म्हणाला. "आमच्या नियमात भाडंच लागतं. कितीही थोडं. एक लिंबू घेतलंत तरी झालं."

"म्हणजे माझा शब्द चालत नाही आणि लिंबू चालतं?"

झालं, बिनसलं. त्यात बाजारातल्या कुणीतरी नसरचे कान फुंकले. आज लिंबू देतील, उद्या काझीपुढे उभे राहून म्हणतील, अंगण आमच्या ताब्यात आहे, हा बघा भाडं घेतो. संध्याकाळी नसर अंगणात उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "अल्लाची शपथ, या अंगणाचं भाडं मी घेणार नाही." खल्लूफनं मान खाली घातली आणि दार लावून घेतलं.

माझ्या डोक्यात मात्र भुंगा लागला. फुकट मिळतंय ते नको, आणि पदरचं देऊन हवंय. असला सौदा मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

शनिवारी सकाळी पुरुष बाहेर पडल्यावर मी मुद्दाम दारात मसूर निवडत बसले. तुर्फा उंबऱ्याच्या आत उभी होती, कडेवर तिचा बाळ, चार महिन्यांचा. तिची आधीची तीन मुलं वर्षाची व्हायच्या आत गेलेली, हा चौथा. समोरच्या दारात तिची आई, जिला सगळे उम्म हिलाल, म्हणजे हिलालची आई, म्हणत, अंथरुणावर टेकून बसली होती. पाय गेलेले आणि अंगावर सूज. हकीम म्हणाला होता, महिना काढला तरी पुष्कळ. मायलेकींमध्ये वीस पावलं होती. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या.

"अगं, जा की आईकडे," मी म्हटलं.

"मी जाऊ शकते, रबाबताई. याला नेता येत नाही. आणि याला एकटं कुठं टाकू?"

"कोण अडवतंय?"

"शनिवार."

बाकीचे सहा दिवस ती नवऱ्याबरोबर रंगाच्या हंड्यांशी उभी असते, कोपरापर्यंत निळी. आईजवळ निवांत बसायला हाच एक दिवस. आणि आईची एकच इच्छा उरली होती, शब्बाथच्या, म्हणजे त्यांच्या पवित्र शनिवारच्या दिवशी जगलेल्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा.

"हात्तिच्या! आण इकडे," म्हणून मी बाळ उचलला आणि तरातरा पलीकडे गेले. तुर्फा नको नको म्हणत होती. म्हातारीसमोर मी त्याला धरलं. तिचे डोळे भरले, पण हात गोधडीतून बाहेर आला नाही.

"परत ने, बाई," ती म्हणाली. "माझ्यासाठी शब्बाथ मोडून आणलेला आशीर्वाद त्याला लागायचा नाही. चौथा आहे तो. मला त्याच्या बाबतीत काही कमी ठेवायचं नाही."

मी बाळ परत दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिथंच तुर्फाच्या उंबऱ्यावर बसकण मारली.

"आता मला पहिल्यापासून सांग. लिंबाचं काय आहे?"

तिनं सांगितलं. शनिवारी एका घरातून दुसऱ्या घरात काही न्यायचं तर सगळी वास्तू एकच घर व्हावी लागते. यहुद्यांची घरं जोडायला सगळ्यांची मिळून एक भाकरी ठेवली की पुरतं. ती भाकरीची टोपली अंगणातल्या कोनाड्यात मी रोज बघत होते आणि उंदरांसाठी ठेवली असेल असं समजत होते. पण वास्तूत परधर्माचं घर असलं, की त्याचा वाटा भाड्यानंच घ्यावा लागतो. दान चालत नाही.

"का चालत नाही?"

"ते जाणत्यांना विचार," तुर्फा म्हणाली. "मला विचारशील तर फुकटाचा शब्द रागाच्या भरात परत घेता येतो. घेतलेलं लिंबू कसं परत घेणार?"

नसरचा स्वभाव मला माहीत होता.

"आणि भाडं घरधन्याकडूनच घ्यायचं?"

"घर ज्याचं त्याच्याकडून. आमचे जाणते तर म्हणतात, बायकोनं दिलं तरी चालतं. पण तुझ्या घरात माझ्यापायी भांडण नको."

घर ज्याचं त्याच्याकडून! मला हसूच फुटलं. वास्तूतला आमचा तो तिसरा भाग माझ्या बापानं विकत घेतला होता, आणि माझ्या लग्नात माझ्या नावानं लिहून दिला होता. काझीचा शिक्का असलेला कागद माझ्या पेटीत तळाशी होता. दोन पुरुष दारात उभे राहून भांडले, शपथा झाल्या, बाजारानं अक्कल पाजळली. मालकिणीला कुणी विचारलंच नव्हतं. नसरसुद्धा विसरून गेला होता.

पुढच्या शुक्रवारी मी तुर्फाकडून एक अंडं घेतलं आणि शनिवारपुरता माझा वाटा तिला दिला. साक्षीदार कुणी लागत नव्हते, तरी मी मोठ्यानं बोलले.

शनिवारी नसर घरीच होता. अंगणाच्या मधोमध चटई पसरून विणत बसलेला. तुर्फा बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर आली आणि त्याला बघून थबकली.

"हे काय?" त्यानं मला विचारलं.

"मी भाडं घेतलंय. एक अंडं."

"मी शपथ घेतली होती."

"तू घेतली होतीस. घर माझं आहे."

 त्याला कागद आठवला असावा. मग तो उठला, अर्धवट विणलेली चटई त्यानं गुंडाळली आणि वाट मोकळी करून दिली.

"मग मीही भाडेकरूच की," तो पुटपुटला. "मला काय द्यावं लागतं?"

"तोंड बंद ठेव, तेवढं पुरे."

पलीकडे म्हातारीनं दोन्ही हात बाळाच्या डोक्यावर ठेवले आणि कितीतरी वेळ काढलेच नाहीत. दर शुक्रवारी एक अंडं, असे तिला तीन शनिवार मिळाले. तिसऱ्यानंतरच्या बुधवारी ती गेली.

शुक्रवार उजाडला. सगळे सुतकात, त्यांच्या रीतीप्रमाणे हिलालच्या घरी जमिनीवर बसलेले, शेजारपाजारची माणसं जेवण आणून देत होती. उद्या बाळाला अंगण ओलांडून तिथं न्यायचं तर भाडं आजच द्यायला हवं होतं, पण ऊन उतरलं तरी माझ्याकडे कुणी आलं नाही. त्या दुःखात कुणाला सुचणार? आणि सुतकाच्या दारात जाऊन मागणार कोण? माझी तर जीभच रेटेना.

नसर नमाजाहून येऊन विणत बसला होता. दोनदा त्यानं सावलीकडे बघितलं. मग हातातलं लव्हाळं ठेवलं, पायात जोडे घातले आणि सरळ हिलालच्या दारात जाऊन उभा राहिला.

"खल्लूफ," तो म्हणाला, "भाडं राहिलंय. सूर्य बुडाला की तुमचा शनिवार लागेल."

खल्लूफनं वर बघितलं. "नसरभाऊ, तुमची तर शपथ..."

"मी कुठं घेतोय? मालकिणीनं पाठवलंय."

मी पाठवलं नव्हतं. तुर्फा उठली, आणि सुतकाच्या जेवणातलं एक उकडलेलं अंडं तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं. दोन्ही हातांत सांभाळून तो ते माझ्याकडे घेऊन आला.