पर्थहून आलेलं पत्र

शनिवारी आमच्या पोर्ट ट्रेलॉच्या फुटबॉल मैदानावर नेहमीसारखीच गर्दी होती. क्लबचा माजी अध्यक्ष डेस पॅस्को सॉसेज भाजत उभा होता. त्रेसष्ट वर्षांचा, हसतमुख, गावात शब्दाला मान असलेला माणूस. अ‍ॅडलेडहून आलेल्या डिटेक्टिव्ह ब्रॉन्विन केसेलने ओळखपत्र पुढे धरून लॉरेनचं नाव घेतलं, तरी त्याच्या हातातला चिमटा थांबला नाही.

"लॉरेन? ती पळून गेली त्याला पस्तीस वर्षं झाली, बाई. आत्ता आठवण झाली होय तुम्हाला?"

"तुमच्या मुलीने, जोडीने, तपास पुन्हा उघडायचा अर्ज केलाय."

आता मात्र चिमटा थांबला. "जोडीनं?" क्षणभराने तो पुन्हा हसला. "बरं. कांदा घालू का तुमच्या सॉसेजवर?"

ब्रॉन्विनने नको म्हटलं. हा माणूस बायको सापडली का, एवढंसुद्धा विचारत नव्हता.

तिचा सहकारी कॉन मॅव्हरॉस पोलीस चौकीत जुनी फाइल उघडून बसला होता. फाइलमध्ये तीन कागद होते. पहिला डेसचा जबाब: चोवीस वर्षांची बायको तीन वर्षांची मुलगी टाकून एका ट्रकवाल्याबरोबर गेली. दुसरं लॉरेनच्या सहीचं पत्र, दोन महिन्यांनी पर्थहून आलेलं: 'मी सुखात आहे, मला शोधू नका.' तिसऱ्यावर तेव्हाच्या सार्जंटने लिहिलेली एकच ओळ: स्वखुशीने गेली, तपास बंद.

"या गावात कुत्रं हरवलं तर दोन पानं लिहितात," कॉन म्हणाला. "आणि हे बघ. त्याच वर्षीची चौकीची डायरी. लॉरेन तीनदा इथे आली होती. एकदा ओठ फुटलेला, एकदा मनगट मोडलेलं. तिसऱ्यांदा काय झालं होतं, ते लिहायचेही कष्ट घेतलेले नाहीत. तिन्ही वेळा शेरा एकच: 'नवऱ्याशी बोललो. घरचा मामला. परत पाठवली.'"

ब्रॉन्विनने पत्राची प्रत घेतली आणि ती जोडीकडे गेली.

जोडी आता अडतीस वर्षांची होती. आजीने, म्हणजे डेसच्या आईने, तिला वाढवलं होतं. 'तुझ्या आईला तू नको होतीस' हे ऐकतच ती मोठी झाली. स्वतःची मुलगी तीन वर्षांची झाली, तेव्हा पहिल्यांदा ते तिच्या मनाला पटेना, म्हणून तिने अर्ज केला. हे पत्र तिने कधी पाहिलं नव्हतं. डेसने ते थेट पोलिसांना दिलं होतं.

जोडीने पहिली ओळ वाचली आणि तिचा चेहरा उतरला. उठून तिने कपाटातून वाढदिवसाच्या कार्डांचा गठ्ठा आणला आणि वरचं कार्ड पत्राशेजारी ठेवलं.

"हे अक्षर आजीचं आहे," ती म्हणाली. "शेपटी मारलेला हा 'g' बघा. दरवर्षी बघतेय मी."

चौऱ्याऐंशी वर्षांची मर्ल पॅस्को स्वयंपाकघरात पेस्टीच्या सारणासाठी सलगम चिरत होती. दोघींना एकदम आलेलं पाहून तिने सुरी खाली ठेवली. जोडीने पत्र तिच्यासमोर ठेवलं.

"आजी, तू लिहिलंस?"

"माझी बहीण पर्थला होती. तिच्याकडे गेले तेव्हा तिथून पोस्टात टाकलं."

"का?"

"डेसने सांगितलं म्हणून. म्हणाला, 'आई, लोक संशय घेतायत.' एकुलता एक मुलगा गं माझा. घराण्याचं नाव होतं."

ब्रॉन्विनने शांतपणे विचारलं, "लॉरेन कुठे आहे, मिसेस पॅस्को?"

"मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं." म्हातारीने चिरलेले सलगम बाजूला सारले. "ती गेली त्या आठवड्यात त्याने शेडमागची पावसाच्या पाण्याची जमिनीतली टाकी बुजवली. भर दुष्काळात. तेव्हाही मी विचारलं नाही."

"आणि मला सांगत राहिलीस, मी तिला नको होते म्हणून?" जोडी म्हणाली. "पस्तीस वर्षं, आजी?"

मर्लने तिचा हात धरायला हात पुढे केला. जोडी मागे सरकली.

मंगळवारी टाकी फोडली. गुरुवारी डेसला बेड्या घालून नेलं. क्लबच्या दारात उभी असलेली माणसं अजूनही म्हणत होती, डेस असा नव्हता हो.

मग गावाने नेहमीचंच केलं. जोडीच्या ओसरीवर झाकलेल्या बश्या येऊ लागल्या. पॅस्कोंच्या घराला लागूनच राहणाऱ्या एल्सी ट्रेम्बाथ वॉकर टेकत आल्या. लॅमिंग्टन केकची बशी पुढे करून म्हणाल्या, "वाईट झालं गं, बाळ."

जोडीने बशी घेतली नाही. "तुम्ही भिंतीपलीकडेच होतात. तुम्हाला ऐकू यायचं?"

एल्सीबाईंनी बशी वॉकरवर टेकवली. "यायचं. सगळ्या गल्लीला यायचं. तुझी आई एकदा आमच्या दारापर्यंत आली होती. माझा नवरा म्हणाला, 'नवरा-बायकोत आपण पडू नये.' मग आम्ही रेडिओ मोठा केला."

"बशी घेऊन जा," जोडी म्हणाली. "आणि कोर्टात तारीख लागेल तेव्हा येऊन हेच सांगा."

"अख्ख्या गावासमोर?"

"हो. गावासमोरच."

तारखेच्या दिवशी न्यायालय भरलं होतं. एल्सीबाई येणार नाहीत, अशी बहुतेकांची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर आशाही. त्या आल्या. साक्षीदाराच्या जागी उभ्या राहिल्या. वकिलाने खुर्ची देऊ केली, ती त्यांनी नाकारली. लॉरेनने दार कितीदा वाजवलं, कुणाला नावाने हाक मारली, ते त्यांनी एकेक करून सांगितलं. मग त्यांना विचारलं गेलं, हे आणखी कुणी ऐकलं होतं का?

एल्सीबाईंनी आमच्या बाकांकडे पाहिलं आणि एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. तिसरं नाव माझं होतं.