बाबल्याची जीप

सकाळपासून महिपतला एका जागी बूड टेकवून बसवत नव्हतं. जीप कालच धुतलेली, ती त्याने आज पुन्हा धुतली. फडकं मारलं. बॉनेट उघडलं, आत बघण्यासारखं काही नव्हतं तरी बघितलं, बंद केलं. मग रस्त्यापर्यंत जाऊन ट्रक येतोय का ते पाहून आला. ट्रक दुपारी येणार हे त्याला चांगलं ठाऊक होतं, कारण तो त्यानेच बोलावला होता. पण जीव थाऱ्यावर नसला की माणसाचा घड्याळावरसुद्धा विश्वास राहत नाही.

मिरकरवाड्यात या गाडीला सगळे ‘बाबल्याची जीप’ म्हणायचे. बाबल्या म्हणजे महिपतचा बाप. तो जाऊन जमाना झाला, पण नाव काही उतरलं नाही. आधी बाबल्याने तिच्यातून बंदरावरची मासळी वाहिली, मग महिपतने. एवढ्या वर्षांत तिने त्याला कधी वाटेत दगा दिला नाही, दगा दिला तो त्याच्या डोळ्यांनी. पावसाळ्यानंतर आरे-वारेच्या वळणावर समोरून आलेली स्कूटर त्याला दिसलीच नाही. स्कूटरवरचं जोडपं वाचलं ते नशीब. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि स्पष्ट सांगितलं, आता स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

तेव्हापासून जीप अंगणात उभी. आणि समुद्राकाठी उभी गाडी म्हणजे खाऱ्या वाऱ्याला जेवणाचं आमंत्रण. मडगार्डाखालून पत्रा सुटायला लागला. भंगारवाला दारावरून जाताना मान वळवून बघायला लागला. एकदा तर आत येऊन त्याने बॉनेटवर टिचकी मारली. महिपतने त्याला असं काही हाकललं की बिचारा आपला तराजू विसरून गेला.

मग लेकीने, वेदिकाने, मुंबईहून येऊन जीपचे फोटो काढले आणि विक्रीला टाकले. गिऱ्हाईक आलं ते थेट न्यूझीलंडचं. नाव सर्वेश, मूळ केळशीचा. लहानपणी सुट्टीत दापोलीहून केळशीला अशाच जीपच्या मागच्या फळीवर बसून जायचा म्हणे. आता तिकडे त्याची मोठी शेड होती आणि शेडमध्ये जुन्या गाड्या, एकेक नवरीसारखी सजवलेली. त्याने व्हिडिओवर सगळी शेड फिरवून दाखवली. महिपत ते बघून खुळावला. आपली जीप तिथे, छपराखाली, खाऱ्या वाऱ्यापासून लांब! कागदपत्रांसाठी, आरटीओच्या ना-हरकतीसाठी त्याने चपला झिजवल्या, तेही न कुरकुरता.

पण बंदरावर नितेश भेटला. या नितेशला कुणाचं बरं चाललेलं बघवत नाही.

“परदेशातलं गिऱ्हाईक? मग गेली रे तुझी जीप,” तो म्हणाला. “अशी लोकं पैसे पाठवल्याचा फोटो पाठवतात. गाडी जाते नि फोटो राहतो.”

महिपतच्या मोबाईलवर अगदी तसाच फोटो आला होता. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. हा गडी घरी आला आणि त्याने सर्वेशच्या मुंबईतल्या एजंटला फोन लावून ट्रक आणखी लवकर बोलावला. आता याला काय म्हणायचं?

दुपारी ट्रक आला. ड्रायव्हर सागर म्हणून पोरगेलासा, बोलायला नम्र. त्याने फळ्या लावल्या, साखळ्या काढल्या. महिपत चावी हातात घेऊन पुढे झाला आणि बघतो तर काय, जीपच्या ड्रायव्हरच्या सीटवर गोदा बसलेली. मांडीवर मासळीची रिकामी पाटी, पदर खोचलेला. बायको बंदरावरून कधी आली, कधी चढली, त्याला पत्ता नाही.

“उतर गो,” महिपत म्हणाला. “लोकं थांबलीत.”

“पैसे आले?”

“निघालेत. येतील दोन दिवसांत.”

“मग गाडी पण निघंल दोन दिवसांत.”

महिपतचा आवाज चढला. “काय येड्यासारखं बोलतेस? आपन मुंबईला मासळी धाडतो ती कशी धाडतो? आधी माल, मागून पैसे. माझ्या बापापासून हेच चालत आलंय. कधी बुडलो?”

खरंच होतं ते. बंदरावर सगळा धंदा असाच चालतो. पेट्या भरायच्या, बर्फ मारायचा, गाडी रवाना करायची. तिकडचा व्यापारी विकतो, मग हिशेब धाडतो. कुणी त्यात वावगं बघत नाही, आणि महिपतनेही जन्मभर दुसरं काही बघितलं नव्हतं.

“मासळी आधी धाडतो, कारण ती नासते,” गोदा म्हणाली. “थांबलो तर फुकट जाते म्हणून आपल्याला इश्वास टाकावा लागतो. गाडी काय मासळी हाय? दोन दिवसांत वास मारनाराय ती?”

सागर खाली बघून हसला. महिपतला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी साधी गोष्ट, आणि ती आपल्या डोक्यात कशी आली नाही?

गोदा तेवढ्यावर थांबणारी नव्हती. तिने त्याचाच मोबाईल मागून घेतला आणि तिथूनच सर्वेशला व्हिडिओ लावला. “बाबा, रागावू नको,” ती म्हणाली. “तू खरा असशील, देव करो नि असशीलच. पन पैसे आल्याबिगर मी हितून उठनार नाय.”

महिपतला वाटलं, आता हा भडकणार, नाहीतर फोन ठेवून देणार आणि नितेश खरा ठरणार.

“काकी, तुम्ही आहात कुठे?” सर्वेश म्हणाला. “जीपमध्ये? आणि मागे ट्रक कसला? काका, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? पैसे जमा झालेत हे बँकेतल्या माणसाच्या तोंडून ऐका, मगच गाडी सोडा. माझ्या फोटोवर जाऊ नका, मेसेजवर जाऊ नका. मग ट्रक कुणी बोलावला?”

गोदाने नवऱ्याकडे बघितलं. तो साखळीशी चाळा करत होता.

फोन ठेवल्यावर ती खाली उतरली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाज आता उतरला होता.

“तो फशवील म्हनून तुमचा जीव खालीवर नाय होत,” ती म्हणाली. “दोन दिवस हिच्याकडं बघत बसलात तर तुमीच सौद्यातून फिराल, म्हनून घाई केलीत. व्हय ना?”

महिपतला खोटं बोलता आलं असतं. पण एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईपुढे त्याचं एकही खोटं टिकलेलं नव्हतं.

“व्हय,” तो म्हणाला.

सागरच्या मालकाने ट्रक थांबवायला होकार दिला. आणि मग ते थांबणं सुरू झालं, ज्याला महिपत घाबरत होता. त्याला जेवण गोड लागेना. उगाच जीपभोवती फिरायचा, आत बसायचा, उतरायचा. नको विकायला, असं मनात शंभरदा आलं आणि शंभरदा गिळलं. दुसऱ्या दिवशी गोदालाच ते बघवेना. तिने सागरला विचारलं, “बाबू, चालवशील काय रे जरा? ह्यांना वाईच फिरवून आनू.”

बाप गेल्यापासून महिपत पहिल्यांदाच आपल्या जीपच्या डाव्या बाजूला बसला. मागे गोदा. सागरला दुसरा गिअर पडेना, तेव्हा महिपतने सांगितलं, “ओढू नको. जरा थांब, ती आपनहून घेते.” सागर थांबला, आणि तिने घेतला. आरे-वारेच्या वळणावर महिपतने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खाली सगळं निळं पसरलेलं. अंधुक दिसत होतं, पण दिसत होतं. इतकी वर्षं या रस्त्याने मासळी वाहिली आणि त्याने फक्त रस्ता बघितला होता. त्याला रडू आलं, आणि त्याने डोळे पुसलेही नाहीत.

“थांबवू काय, काका?” सागरने विचारलं.

“नको. चालू दे.”

परत येताना बँकेतल्या ओळखीच्या बाईंचा फोन आला. बाईंनी दोनदा सांगितलं, पैसे खात्यात जमा आहेत, आता काळजी नाही. गोदाने फोन घेऊन स्वतःही एकदा ऐकलं, मग मान हलवली.

अंगणाशी सागरने जीप सरळ ट्रकच्या फळ्यांसमोर आणून उभी केली, आणि इंजिन चालूच ठेवून महिपतकडे बघितलं. शब्द फिरवायचा असेल तर हीच वेळ होती. महिपत उतरला. मडगार्डावरून त्याने हात फिरवला, तर बोटांना गंजाची भुकटी लागली.

“काल तू म्हनालीस, गाडी नासत नाय,” तो गोदाला म्हणाला. “नासते गो. मासळीपेक्षा हळू, एवढंच.”

आणि सागरच्या बाजूची काच ठोकून म्हणाला, “चढव बाबा. पहिल्या गिअरवरच ठेव.”