पाहुण्याला विचारायचं नसतं

म्हातारपणी माणसाला सगळ्यात जास्त कंटाळा येतो तो वाट पाहण्याचा. फेलेतीला तो फार आला होता. न्यूझीलंडपासून दूर, भर समुद्रातल्या उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याचं गाव. घराण्याचं मातायपद त्याच्याकडे, म्हणजे गावच्या बैठकीत त्याचा शब्द शेवटचा. पण या मानाचा व्हिसाच्या खिडकीपाशी काडीचा उपयोग होत नसे. थोरला भाऊ ऑकलंडला वारला तेव्हा फेलेतीनं अर्ज केला. परवानगी हातात पडली, तोवर भावाला माती देऊन झाली होती. आता धाकटा भाऊ इएलेमाया तिकडे अंथरुणाला खिळला होता आणि फोनवर एकच विचारायचा, "दादा, कधी येतोस?"

"येतो रे, येतो," फेलेती म्हणायचा, आणि फोन ठेवून खांबाला टेकून बसायचा.

वाचकहो, आपल्यापैकी कुणाच्या घरी ही रड नाही? अर्धं घर इथं, अर्धं पाण्यापलीकडे. लग्नाला जायचं तर परवानगी, मयताला जायचं तर परवानगी. त्यात बातमी आली की न्यूझीलंडचं राज्य असताना इथं जन्मलेल्या ज्या माणसांचं नागरिकत्व पूर्वी काढून घेतलं होतं, त्यांना ते आता परत मागता येणार. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकदा तो पासपोर्ट हातात आला की कुणाच्या पाया पडायला नको! आणि बातमी आली त्याच्या पाठोपाठ गोड बोलणारी माणसंही आली.

असाच एक सोलोमोना नावाचा माणूस एका रविवारी, प्रार्थना आणि जेवण उरकल्यावर, फेलेतीच्या घरी आला. आपल्याच रक्ताचा, ऑकलंडला वाढलेला, पांढराशुभ्र सदरा आणि खाली काळी लुंगी. गावातले पाच-सहा वृद्ध जमले होते. रिवाजाप्रमाणे आवा, म्हणजे मुळी कुटून केलेलं मानाचं पेय, घोटला गेला, नारळाच्या वाटीतून पाहुण्याला दिला गेला. मग सोलोमोना बोलायला लागला. अहाहा, काय ती मानाची भाषा! गावातल्या एकेका घराण्याचं वंदन त्यानं क्रमानं, एकही पदवी न चुकवता म्हटलं. म्हातारे माना डोलवू लागले. ही वंदनं छापील पुस्तकात मिळतात आणि कुणीही पाठ करू शकतो, हे त्या वेळी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"तुमच्यासारख्या थोर माणसांनी रांगेत उभं राहायचं?" सोलोमोना कळवळून म्हणाला. "मला बघवत नाही. कचेरीत माझा आतला माणूस आहे. तीन आठवड्यांत पासपोर्ट. तुमचा तर येईलच, मुला-नातवंडांचाही येईल. फक्त जन्माचा अस्सल कागद आणि माणशी थोडा खर्च. पण आजच द्यायला हवं. उद्या माझं विमान आहे."

फेलेतीची बायको सेफिना आतून कागद घेऊन आली. फेलेतीच्या जन्माची सरकारी नोंद कधीच सापडली नव्हती. त्याच्याजवळ होता तो मिशनच्या पाद्र्यानं दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला, पिवळा पडलेला, घडीवर विरलेला. तो कधी, कुठं जन्मला याचा दुसरा पुरावा जगात नव्हता. तो हरवला तर नागरिकत्व गेलं, आणि इएलेमायाला भेटणंही गेलं.

"अहो, झेरॉक्स दिली तर चालणार नाही का?" सेफिनानं हळूच विचारलं.

"गप्प बस. आवा पिऊन बसलेल्या पाहुण्याला असं विचारतात का?" फेलेती कुजबुजला.

हीच आपली गोम आहे, वाचकहो! दारावर मासळी विकायला येणाऱ्याच्या माशाचे कल्ले आपण उचलून बघतो. पण मानाची भाषा बोलणारा पाहुणा समोर बसला की आपली जीभ टाळूला चिकटते. त्याला प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याच घराण्याला बट्टा!

कागदाबरोबर भेट द्यायची म्हणून एक बारीक विणीची मानाची चटईही पाहुण्यापुढे ठेवण्यात आली. फेलेतीनं दिलं की बाकीचे वृद्धही देणार, हे उघड होतं. बहुतेकजण आपापला कागद मांडीवर घेऊन बसले होते.

तेवढ्यात लुपे आत आली. लुपे म्हणजे फेलेतीची थोरली बहीण. आपल्याकडे भावाच्या घरात बहिणीचा मान केवढा, हे काय सांगायचं? माताय झाला तरी बहिणीपुढे त्याला मान खाली घालावी लागते. लुपे पंख्यानं वारा घेत मानाच्या जागी बसली आणि पाहुण्याकडे बघत राहिली.

"पोरा, बोलतोस फार गोड. थांब जरा, मला थोडं विचारायचंय."

"आक्का, पाहुणे आहेत ते," फेलेती ओशाळून म्हणाला.

"पाहुणे आहेत म्हणून विचारतेय. चोर म्हणून आले असते तर कुत्रं सोडलं असतं. काय रे पोरा, नातवंडांनाही पासपोर्ट मिळणार म्हणतोस?"

"सगळ्यांना, आई."

"ज्यांचं काढून घेतलं त्यांना परत देणार, असा कायदा आहे ना? माझ्या नातवाचं कुणी काय काढून घेतलंय? त्याच्याजवळ होतं काय, तर एक मोडकी सायकल."

म्हाताऱ्यांपैकी एकजण हसला. सोलोमोनाही हसला, पण जरा उशिरा.

"बरं, अस्सल कागद तुला कशाला?"

"तो पाहिल्याशिवाय आतला माणूस सही करत नाही."

"मग त्याला म्हणावं, उद्या खिडकीवर ये. आम्ही सगळे सकाळच्या बसनं राजधानीला, आपियाला येतो. तुझ्यादेखत त्याच्या हातात कागद देतो, पावती घेतो. तू दुपारच्या विमानानं जा."

"आई, ही कामं खिडकीवर होत नसतात." सोलोमोनाचा आवाज थोडा चढला. "रांगेत उभे राहणारे रांगेतच मरतात."

हे वाक्य फेलेतीच्या काळजाला लागलं. खांबाला टेकून तो म्हणाला, "खरं बोलतोय तो, आक्का. मी दमलोय. थोरला गेला, मला त्याचं तोंड दिसलं नाही. आता मला रांग नको, खिडकी नको. मला इएलेमायाला बघायचंय, बस. खरं-खोटं करायचं त्राण माझ्यात राहिलेलं नाही."

सगळे खाली बघू लागले.

लुपेनं पंखा मांडीवर ठेवला. "अरे, दमलेल्याच्याच दारात हे येतात, फेलेती. तरणा माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. दमलेला म्हणतो, घ्या बाबा, एकदाचं संपवा. मी नाही का दमले? इएलेमायाला मी कडेवर वाढवलाय. पण आपल्याला लागली आहे ती घाई मी समजू शकते. ह्याला रे कसली घाई? काम सरळ असेल तर ते उद्याही सरळच राहील. आणि ज्याचा माणूस आतून चोरून काम करतो, तो उद्या पकडला गेला तर तुझं नाव कुठल्या यादीत जाईल? मग साधा व्हिसा तरी देईल का कुणी?"

फेलेतीनं हातातल्या दाखल्याची पुन्हा घडी घातली.

"बरं, आजवर कुणाकुणाचं काम केलंस?" लुपेनं सोलोमोनाला विचारलं.

"पुष्कळांचं. पण नावं सांगणं शोभत नाही, आई. आपल्यात कुणी आपल्या भाग्याचा डांगोरा पिटत नाही."

"ते बाकी खरं. दुर्भाग्याचाही पिटत नाहीत." लुपेनं मान वळवली. "इथं बसलेल्यांपैकी ह्याला आधी कुणी कागद दिलाय का?"

बाहेर अंगणात पोरं ओरडत होती. मग शेवटच्या खांबापाशी बसलेला पाउलो खाकरला. पाउलो म्हणजे चर्चच्या कारभारातला वडीलधारा, गावात सगळ्यांत सरळ माणूस.

"मी दिलाय," तो म्हणाला.

"काय?" फेलेती उठूनच बसला.

"ईस्टरच्या आधी. माझ्या घरी आला होता, एकटाच. जन्माचा दाखला नेला, पैसे नेले. तीन आठवडे म्हणाला होता. मग फोन उचलेना. आज गाडीतून उतरला, माझ्याकडे बघून हसला. आणि मी... मी ह्याच हातानं त्याला आवाची वाटी दिली."

"अरे देवा! पाउलो, मी आत्ता देणार होतो! सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" पाउलोचे डोळे भरून आले. "की चर्चमध्ये इतरांना शहाणपण सांगणारा मी, असा पोरासारखा फसलो? मला वाटलं, तुमची कामं तरी होतील. तुमची झाली तर माझंही होईल. फेलेती, माझा कागद खरंच गेलाय हे मला स्वतःलाच कबूल करायचं नव्हतं रे!"

सोलोमोना पाउलोसमोर बसायला घाबरला नव्हता, कारण पाउलो तोंड उघडणार नाही याची त्याला खात्री होती. तो आपल्यातलाच होता. आपल्या पदव्यांइतकीच आपली लाजही त्याला पाठ होती!

"हा माझा अपमान आहे," म्हणत तो उठला. सवयीनं त्याचा हात चटईकडे गेला, पण त्याआधीच लुपे सरकून चटईवर बसली होती.

"ती राहू दे," ती म्हणाली. "आणि पाउलोचा कागद?"

"तो... ऑकलंडला आहे. पाठवतो."

एवढं म्हणून तो गाडीत बसून निघून गेला. कागद त्यानं कधी पाठवला नाही. पोलिसांत तक्रार झाली, गाडीचा नंबर दिला गेला, पण गाडी भाड्याची निघाली आणि नावही खोटं निघालं. फेलेतीचा दाखला मात्र फेलेतीच्या हातात राहिला.

पुढच्या बैठकीत कुणी म्हणालं की पाउलोमुळे गावाची शोभा झाली, त्याला रिवाजानं दंड व्हावा, डुकरं आणि माशांचे डबे. फेलेती उभा राहिला. बैठकीत तो सहसा बसूनच बोलायचा.

"दंड करायचा तर मला करा," तो म्हणाला. "गावाचा माताय असून मी बायकोला गप्प बसवलं आणि भामट्यापुढे चटई ठेवली. पाउलोनं स्वतःची लाज चारचौघांत उघडी केली म्हणून आपण सगळे वाचलो. आजपासून ह्या गावात पाहुण्याला जेवू घालायचं, मान द्यायचा, आणि विचारायचंही. खऱ्या माणसाला त्याचा राग येणार नाही."

दंड झाला नाही. त्या आठवड्यात पलीकडच्या दोन गावांतून माणसं पाउलोला भेटायला आली. तीही फसली होती, आणि तीही मूग गिळून बसली होती.

मग सगळे वृद्ध बसनं आपियाला गेले. रांग होती, ऊन होतं. एक कागद कमी म्हणून परत पाठवलं, पुन्हा गेले, पुन्हा बाकावर बसले. खिडकीतल्या मुलीनं नकला ठेवून घेतल्या आणि अस्सल कागद तिथल्या तिथं परत केले. ते पाहून फेलेतीला आपल्याच मूर्खपणाचं हसू आलं. पाउलोपुढे दाखवायला काहीच नव्हतं. दुसरा पुरावा आणा, मग बघू, असं त्याला सांगण्यात आलं. सरळ रस्ता लांबचा होता, आणि त्या म्हाताऱ्या गुडघ्यांना तो सोपा गेला असं मी म्हणणार नाही.

पण फेलेतीला नागरिकत्व मिळालं. तो ऑकलंडला पोचला तेव्हा इएलेमाया फार खंगला होता, तरी ओळखत होता. फेलेतीनं त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिथंच ऑकलंडला राहणारी पाउलोची मुलगी पेनिना आली, सुपाचं भांडं घेऊन. "काका, बाबांचा गुडघा कसा आहे? गुडघ्यामुळे अर्जाला जाता येत नाही म्हणतात. मी दर रविवारी फोनवर त्यांच्याकडून व्यायाम करून घेते."

फेलेतीला क्षणभर वाटलं, दुखतोय म्हणावं. पण निघताना पाउलोनंच सांगितलं होतं, विचारलं तर खरं सांग, माझ्याच्यानं होत नाही.

"त्याचा गुडघा धडधाकट आहे, पोरी," फेलेती म्हणाला. "तो फसलाय. त्याचा कागद चोरानं नेला. तुला सांगायची त्याला लाज वाटते. आणि त्यानं ती लाज एकदा सोडली, म्हणून मी आज माझ्या भावापाशी बसलोय."

पेनिना मटकन खाली बसली. "मी रागावले असते असं वाटलं का त्यांना? माझ्या बापावर?" पदरानं पुसावेत तसे तिनं बाहीनं डोळे पुसले आणि तिथूनच फोन लावला. "बाबा, आज व्यायाम राहू द्या. कागदाचं सांगा. आपण दोघं मिळून शोधू काहीतरी."

पलीकडे पाउलो पहिल्यांदा मोकळेपणी रडला.

वाचकहो, परदेशाचं नागरिकत्व मागण्यात काही गैर नाही. आपली माणसं तिकडे आहेत, जीव तिकडे ओढतो. पण जन्माचा अस्सल कागद आतल्या माणसाच्या भरवशावर कुणाच्या हाती देऊ नका. घाई करणाऱ्याला कचेरीच्या खिडकीपर्यंत घेऊन चला. आणि एवढी काळजी घेऊनही फसलात, तर घराबाहेर या आणि मोठ्यानं सांगा! फसण्यात पाप नाही. फसून आपण गप्प बसलो, की तोच माणूस उद्या आपल्या शेजाऱ्याच्या घरी मानानं आवा पितो.