ताराचंदचे धान गोदावरीबाईच्या नावावर

या मायबापहो, असे दूर दूर बसू नका. सतरंजी मोठी असली तरी आजची कथा हळू आवाजाची आहे. जवळ सरकाल तरच कानी पडेल. देवादिकांच्या कथा तुम्ही पुष्कळ ऐकल्या. आज एका बाईची सांगतो. तिच्यात राक्षस नाही, शाप नाही. एक मशीन आहे, एक कचेरी आहे आणि थोडे धान आहे. ऐकून झाल्यावर कुणाला दोष द्यायला निघालात तर माणूस सापडणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

दिघोरीच्या पलीकडे, गावतळ्याच्या काठाने गेले की खैरटोली लागते. चैत्राचे दिवस होते. तळे आटून त्याच्या गाळाला भेगा पडलेल्या. धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरे, उघड्याबोडक्या, आणि वाऱ्याला सगळीकडे मोहफुलांचा गोड, जड वास. गोदावरीबाई पहाटे मोहफुले वेचायला गेली होती, ती उन्हे चढल्यावर टोपली डोक्यावर घेऊन परत आली, तर घर गप्प.

घर गप्प असणे म्हणजे मशीन बंद असणे. आधी आधी असे झाले की ती टोपली टाकून आत धावायची. आता धावत नसे. आता ती टोपली खाली ठेवी, पदराने तोंड पुसे आणि आत जाई.

"बंद काहून केली?"

"कान किटले माहे त्या घुर्रघुर्रीनं," खाटेवरून तिचा नवरा, पुंडलिकराव म्हणाले.

"ओठ पाहा आरशात. जांभरे पडले."

"तं जांभूर खाल्लं म्हनजो."

"चैतात जांभूर कुठून आलं?"

"तुह्या माहेरून," म्हातारा हसला, आणि हसण्यानेच त्याला धाप लागली.

तिने बटन दाबले, नळी त्यांच्या नाकाला लावली. ती चुलीकडे वळली तसे त्यांनी काठीच्या टोकाने पुन्हा बटन बंद केले. तिने पुन्हा सुरू केले. हे रोजचेच भांडण होते.

पुंडलिकरावांची हयात राईस मिलमध्ये गेली. धान भरडता भरडता कोंड्याची धूळ छातीत जाऊन बसली ती बसलीच. डॉक्टरांनी हवेतून प्राणवायू ओढून देणारी मशीन लावायला सांगितली. पोटी एकच लेक, टीना, पवनीला दिलेली. जावयाने कुठून तरी वापरलेली मशीन आणून दिली आणि मोठे उपकार केले. पण मशीन आणणे वेगळे आणि ती चालवणे वेगळे. दिवसरात्र करंट खायची. बिल फुगत गेले, थकले, आणि वायरमन दारात उभा राहून खालमानेने सांगून गेला, "काकू, येत्या महिन्यात कापाव लागल जी. माह्या हातात नाही."

त्याच आठवड्यात जागेश्वर खबर घेऊन आला. जागेश्वर म्हणजे हनुमान मंदिराची पूजाअर्चा पाहणारा आणि भजनी मंडळाचा म्होरक्या. पुंडलिकराव मृदंगावर आणि हा वीणेवर, अशी दोघांची जोडी.

"वहिनी, सवलत निंगाली," तो म्हणाला. "ज्याच्या घरी असं दवाखान्याचं मशीन आहे, त्याचं अर्धं बिल सरकार भरनार. फक्त उत्पन्न मर्यादेच्या आत पाह्यजे."

"आमचं उत्पन्न?" पुंडलिकराव म्हणाले. "थे मर्यादेच्या आत नाही रे, थे तं घरातच नाही."

गोदावरीबाई एसटीने तालुक्याला गेली. कचेरीच्या खिडकीत एक तरुण बाई होती, बोलायला मऊ. तिने कागद पाहिले, कॉम्प्युटर पाहिला, पुन्हा कागद पाहिले.

"आजी, तुमचं उत्पन्न मर्यादेच्या वर दाखवून राहिलं."

"माहं? बाई, एकडाव माह्या घरी येऊन पाहा."

"सोसायटीच्या केंद्रावर तुमच्या नावानं धान मोजलं ना? पैसे तुमच्या खात्यात आले."

"आले. पन थे ताराचंदचे होते. मी त्याले देऊन टाकले."

"ताराचंद कोन तुमचा?"

"शेजारी."

खिडकीतल्या बाईने पेन खाली ठेवला.

आता तुम्ही खेड्यातली माणसे आहात, तुम्हाला हे उलगडून सांगायला नको. तरी शहरातून कुणी आले असेल त्याच्यासाठी सांगतो. सरकारी केंद्रावर धान द्यायचे तर सातबारा लागतो. ताराचंद दुसऱ्याची जमीन ठेक्याने कसतो. मालक नागपूरला असतो आणि सातबारा हाताला लागू देत नाही. सातबारा नसला की धान व्यापाऱ्याच्या घशात, तो देईल त्या भावाने. इकडे गोदावरीबाईच्या नावावर जमीन, पण नवऱ्याच्या दुखण्यात अर्ध्या बांधीत धानाची रोपे लावायचा रोवणाच झाला नाही. तेव्हा तिच्या सातबाऱ्यावर ताराचंदने आपले धान मोजून घेतले. गावात असे चालते. कुणी बैल देतो, कुणी सातबारा देतो. देताना कुणाच्या मनातही येत नाही की धान दुसऱ्याचे असले तरी उत्पन्न आपले होते.

"त्यानं लिहून दिलं, का धान माहं होतं, तं मी वरते पाठवून पाहीन," खिडकीतली बाई म्हणाली. "जास्त नाही आजी, थोडसंच वर गेलं आहे तुमचं. पानी घ्या."

गोदावरीबाईने पाणी घेतले. घोट गिळताना तिला ना राग आला, ना रडू. ती एसटीत बसली, खिडकीबाहेर पळस पाहत राहिली, आणि खैरटोलीचा फाटा आला तेव्हा कंडक्टरला दोनदा हाक मारावी लागली.

संध्याकाळी ताराचंदच्या ओट्यावर तिने सगळे सांगितले. ताराचंद घमेले घासत होता, त्याचा हात थांबला. त्याची बायको रिता दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"काकू, आत्ता लिहून देतो," ताराचंद उठलाच. "तुम्ही नसत्या तं व्यापाऱ्यानं मले लुबाडलं असतं. कागद आन वो रिता."

रिता हलली नाही.

"आन म्हनतो ना!"

"आनतो जी. पन मालकाले समजलं तं?" रिता म्हणाली. "आपन जमीन कसून राहिलो असं सरकारी कागदावर लिहाल, अन् थो म्हनल का उद्या कूळ लागतील हे. ह्या वर्षीच जमीन काढून घेईल."

"काकूच्या घरी मानूस गुदमरून राहिला, अन् तुले जमिनीचं पडलं?"

"मले लेकराइचं पडलं," रिता म्हणाली, आणि पदर तोंडाशी घेतला. "काकू, राग नोका धरू."

"राग कायचा वो," गोदावरीबाई म्हणाली. "तू खरं बोलली."

ताराचंदने कागद आणलाच. ओट्यावर बसून, वाकड्या अक्षरात लिहून, सही करून तिच्या हातात दिला. गोदावरीबाईने तो पाहिला. तिला वाचता येत होते. मग तिने तो परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"ठेव घरी."

"काकू!"

"तुह्या लेकराइच्या तोंडचं काढून मी तुह्या काकाच्या नाकाले नळी लावू? त्याइले समजलं तं थेच नळी काढून फेकतील. ठेव."

आणि ती उठून घरी आली. मायबापहो, तिथे तिने मोठे पुण्य केले असे मी म्हणेन, तुम्ही म्हणाल. तिला मात्र तसे काही वाटले नाही. तिने भात टाकला, वांगे चिरले, नवऱ्याला सांगितले की सवलत आपल्याला नाही.

"मंग दिवसा बंद ठेवत जाऊ," पुंडलिकराव म्हणाले. "रातच्यानं लावू."

तिने त्यांचे ताट वाढले, आणि रोजचे भांडण त्या दिवसापासून मिटले. एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्यांच्याशी भांडायची थांबली, ती अशी.

ऊन वाढत गेले. मशीन दिवसा गप्प, म्हातारा गुडघ्यांवर कोपरे टेकून बसलेला, मासा तोंड उघडतो तसा एकेक श्वास घेणारा. गावात सप्ताहाची तयारी लागली. मंदिरापुढे मंडप उभा राहिला. अशा एका दुपारी जागेश्वर घरात शिरला तो आवाज देतच.

"पुंडलिकदादा, औंदा बसल्या बसल्या टाळ तरी..."

पुढचे शब्द राहिले. पुंडलिकराव भिंतीला कलंडलेले, नखे निळी, डोळे अर्धे मिटलेले. त्यांच्याजवळ, हातभर अंतरावर, गोदावरीबाई बसलेली. सुपात तांदूळ. ती निवडत नव्हती. नुसती पाहत होती.

जागेश्वरने धावत जाऊन बटन दाबले, नळी लावली, पाठ चोळली. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याची छाती नीट वरखाली होऊ लागली.

"वहिनी! पाहत काय बसल्या?"

"हात उठला नाही, भाऊजी," ती म्हणाली. "किती डाव उठवला. आज उठलाच नाही."

जागेश्वर तिच्याकडे पाहत राहिला. हा माणूस जन्मभर देवासमोर गात आला. पण आज तो देवाचे नाव न घेता मशीनकडे वळला. पागोटे काढून त्याने मशीनवरची धूळ झटकली, खाली वाकून पाहिले.

"याले चाकं आहेत का?"

"आहेत."

"मंग दिवसा मंदिरात चालवू. रातच्यानं घरी. अर्धं बिल तं तसंच कमी होते."

"लोक काय म्हनतील?"

"मंदिराचं बिल गाव भरते. अन् गावाले कोनी उत्पन्नाचा दाखला मागत नाही," जागेश्वर म्हणाला. "मी विचारतो साऱ्याइले."

विचारावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताराचंद न बोलावता दारात उभा होता. त्याने मशीन ढकलत नेली, रिताने पुंडलिकरावांना दंड धरून नेले. वाटेत तीन घरी ओट्यावर बसवून त्यांचा दम परतवावा लागला. मंदिराच्या सभामंडपात, खांबाला टेकून, त्यांची गादी पडली.

सप्ताहाच्या पहिल्या दुपारी कीर्तनकार महाराज उभे राहिले, आणि पेटीच्या सुरामागे त्यांना घुर्रघुर्र ऐकू आली. त्यांनी हात वर केला. टाळ थांबले.

"हा आवाज कायचा जी?"

साऱ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. गोदावरीबाई मान खाली घालून बसली. जागेश्वरने काय ते सांगितले.

महाराजांनी क्षणभर डोळे मिटले. मग पेटीवाल्याला म्हणाले, "सूर बदल बाबा. हा जो लागून राहिला आहे ना, त्याच्यात मिळव. आज आपन त्याच्या मागं गाऊ."

पेटीवाल्याने चाचपत चाचपत सूर मिळवला. महाराजांनी नाम उचलले, मंडपाने झेलले. पुंडलिकरावांच्या हातात कुणीतरी टाळ दिले होते. ते वाजवायची ताकद नव्हती, त्यांनी ते नुसते मांडीवर धरले. बायाबापड्या रडत होत्या. ताराचंद खांबाआड तोंड लपवून रडला. गोदावरीबाई रडली नाही. तिने नवऱ्याच्या बोटांकडे पाहिले. नखांचा रंग परत आला होता. ते तिने पाहिले आणि पदराने वारा घालत राहिली.

काला झाला, लाह्या-दह्याचा प्रसाद वाटला गेला, महाराज गेले. मंडपवाल्याने बांबू सोडले, माळा उतरवल्या, वायरी गुंडाळल्या. मशीनची तेवढी भिंतीत राहिली; तिला कुणी हात लावला नाही. मागे एकदा घंटा चोरीला गेल्यापासून जागेश्वर सकाळची पूजा आटोपली की मंदिराला कुलूप घालून शेतावर जात असे. त्या दिवशी त्याने कुलूप हातात घेतले, आत खांबापाशी पाहिले, आणि ते तसेच बंडीच्या खिशात टाकून निघून गेला.

वायर कापायचे तूर्त टळले, पण बिल अजून येते. अर्धे येते, तरी जड जाते. मर्यादा आहे तिथेच आहे, आणि येत्या दिवाळीनंतर ताराचंदचे धान कुठे मोजायचे हे अजून कुणी बोलले नाही.

एवढीच कथा. आता उठताना माझे एक मागणे आहे. आपल्या मंदिरात हात जोडाल तेव्हा देवाकडे आपले जे मागायचे ते मागा, आणि मागून झाले की घटकाभर खैरटोलीच्या गोदावरीबाईची आठवण करा. तिच्यासाठी काही मागू नका, तिने कधी मागितले नाही. नुसती आठवण करा, की त्या दुपारी जिचा हात उठला नाही, तिने आधी तो कागद परत केला होता.