सातापाशी रेंगाळलेला आकडा

हेदरने ब्युरेटची तोटी किंचित सोडली, एक थेंब पडू दिला आणि पीएच मीटरवरचा आकडा टिपला. मग आणखी एक थेंब.

"अजून नुन्झिओच्याच रसापाशी?" वायनरीचा मॅनेजर रॉस दारातून म्हणाला. "आम्ल जास्त आलंय ना? म्हणजे द्राक्षं कच्ची. सांगून टाक त्याला, दहा दिवस थांब म्हणावं."

"परवापासून पाऊस सांगितलाय. दहा दिवसांत सगळं वेलीवरच सडेल. आणि साखर तर पुरेपूर उतरलीय."

"पाऊस काय मी पाडतो? संध्याकाळपर्यंत काय ते सांग."

नुन्झिओ आणि त्याची बायको एर्सिलिया यांचं वर्षभराचं पोट त्या वेलींवर होतं. हेदर ग्रिफिथ गावात नवी आली तेव्हा याच एर्सिलियाने तिला घरात ठेवून घेतलं, वर्षभर गरम गरम जेवू घातलं. ते उपकार हेदर जन्मात विसरणार नव्हती. पण म्हणून खोटा आकडा थोडाच लिहिता येतो!

एरवी सगळे अल्कली भराभर सोडतात, पीएच आठाच्या वर गेला की थांबतात आणि किती लागलं तेवढं लिहितात. आज तिने वाटेतला प्रत्येक आकडा आलेखावर मांडला होता. द्राक्षातली आम्लं आपले प्रोटॉन दोन टप्प्यांत सोडतात खरे, पण ते टप्पे इतके जवळ, की चढ एकच दिसतो. सहाच्या पुढे आकडा आठाकडे धूम ठोकतो. हा मात्र सातापाशी रेंगाळत होता. थेंबामागून थेंब पडले तरी जेमतेम सरकत होता. तिथे रेंगाळणारं द्राक्षात काही नसतं. फॉस्फोरिक आम्लाचा दुसरा टप्पा मात्र नेमका तिथेच येतो, आणि ते आम्ल असतं भांडी-नळ्या धुण्याच्या द्रावणांत.

तिने फोन उचलला.

"मावशी, नमुन्याची बाटली कशाने धुतली होतीत?"

"गोठ्यातल्या आम्लाने गं. दुधाच्या नळ्यांवरचा थर काढतो ना, त्याने. कशी लखलखीत झाली होती! तुझ्या हातात मळकी बाटली कशी द्यायची?" एर्सिलिया थांबली. "का गं? काही चुकलं का?"

हेदर स्वतः मळ्यात गेली, ताजे मणी तोडून आणले आणि पुन्हा तपासले. या वेळी आकडा सहावरून सरळ आठावर गेला आणि आम्लही बेताचंच निघालं. तिचा जीव भांड्यात पडला. उद्या पहाटे तोडणी.

संध्याकाळी दोघं नवराबायको आली. नुन्झिओने टोपी काढून हातात धरली होती.

"पोरी, तुझ्यामुळे वाचलो. पण आधीच्या नमुन्यात बिघडलं काय होतं?"

एर्सिलियाने मान खाली घातली. रॉसही कान देऊन उभा होता.

"बाटली आमच्याकडे नीट धुतली गेली नव्हती," हेदर म्हणाली. "चूक माझी."

"एवढंच ना?" नुन्झिओ खो खो हसला. "मग तुमच्या बाटल्या आमच्या हिच्याकडे पाठवत जा. हिच्यासारखं धुणारं अख्ख्या ग्रिफिथात सापडायचं नाही!"

एर्सिलियाने हेदरचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"पाण्याने धुईन," ती म्हणाली. "नुसत्या पाण्याने."