नादुरुस्त ठरलेला माईक

मित्रांनो, मी एका सरकारी सभागृहाच्या मागच्या खोलीत, टेबलाच्या खणात पडून असलेला जुना माईक आहे. मला डोळे नाहीत. त्यामुळे जे सांगणार आहे ते सगळं कानांनी टिपलेलं आहे. बटण बंद असलं तरी मला ऐकू येतंच. फक्त ते पुढे कुठे जात नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. तिथल्या बायका बारीक तारा जोडता जोडता सासवांच्या तक्रारी करायच्या. त्यामुळे जगात पाऊल टाकण्याआधीच मला घरोघरच्या भानगडी ठाऊक झाल्या होत्या. शेवटी एकीनं मला तोंडाशी धरलं, "हॅलो, हॅलो" म्हणाली आणि खोक्यात घातलं. मी पास झालो होतो.

सभागृहात मला आणलं ते साउंडवाल्या मामांनी. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. "हा कधी दगा देत नाही," असं ते माझ्याबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी सत्कार ऐकले, निरोप समारंभ ऐकले, शोकसभा ऐकल्या. "दोनच शब्द बोलतो" म्हणून उभे राहणाऱ्यांनी तर माझा अंत पाहिला. सुरुवातीला मला प्रत्येक भाषणाचं अप्रूप होतं. नंतर ते ओसरलं. कौतुक आणि श्रद्धांजली दोन्ही माझ्यातून सारखीच जाऊ लागली.

मग ती सुनावणी ठरली. सरकारनं अपंगांसाठी नवं धोरण आखायला घेतलं होतं, आणि मसुद्यावर लोकांनी येऊन सूचना द्याव्यात असं जाहीर केलं होतं. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळणार होती. माझ्यावर बोललेलं मामांच्या यंत्रात साठणार, टायपिस्टबाई ते ऐकून टाईप करणार आणि ते कागद वरच्या कार्यालयात जाणार, अशी व्यवस्था होती. म्हणजे सभागृहातून धोरणापर्यंत जायची वाट माझ्यातून जात होती.

त्या सकाळी मामा मला स्टँडवर बसवत होते. मी अजून बंदच होतो. एक बाई आपल्या भावाला घेऊन जवळ आली.

"मामा, आमचा नंबर आला की मला जरा खूण कराल का? माझ्या दादाला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. या गडबडीत राहून जायचं."

"करतो की. काय करतात हे?"

"लाँड्रीत इस्त्री करतो."

"आणि सूचना काय आहे त्यांची?"

"आई दवाखान्यात होती. दादा वॉर्डाबाहेर बाकावर बसलेला. आईनं ध्यास घेतला, त्याला आत बोलवा म्हणून. नर्सबाईंनी दारातून हाका मारल्या, पुन्हापुन्हा मारल्या. कुणी उठलं नाही म्हणून त्या आत गेल्या. हा दारासमोरच होता हो. मी कामावरून पोचले तोवर आई गेली होती."

मामांच्या हातातला पेचकस थांबला.

"त्याचं म्हणणं एवढंच, की वॉर्डाच्या दारावर एक दिवा लावा. आत बोलवायचं असलं की पेटवायचा. दुसऱ्या कुणावर अशी वेळ नको."

मित्रांनो, हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तोवर मी फार ऐकून बसलो होतो.

उद्घाटन थाटात झालं. मंत्र्यांचं भाषण खुणांच्या भाषेत सांगायला एक बाई आल्या होत्या. मंत्री गेले, चहा झाला, आणि त्या बाईही गेल्या. "त्यांना उद्घाटनापुरतंच बोलावलं होतं म्हणे," मामा शिपायापाशी पुटपुटले.

मग साहेबांनी सुनावणीचा नियम सांगितला. "आजवर अपंगांच्या वतीनं त्यांचे नातेवाईक आणि पुढारीच बोलत आले. आज तसं चालणार नाही. ज्याची सूचना, त्यानंच बोलायचं." मोठ्या टाळ्या पडल्या. नियम चांगला होता. मलाही पटला.

लोक बोलू लागले. कुबड्या घेऊन आलेले एक गृहस्थ बसच्या पायरीबद्दल पोटतिडकीनं बोलले. एका अंध शिक्षिकेला पुस्तकांचं इतकं सांगायचं होतं, की घंटा वाजली तरी त्या थांबेनात. मग मामांनी खूण केली असावी, कारण बहीणभाऊ माझ्यासमोर आले.

"साहेब, मी दादाचं..."

"ताई, तुम्ही बसा. त्यांना बोलू द्या."

"पण त्याला बोलता..."

"काळजी करू नका. त्यांच्या पद्धतीनं सांगू द्या, आम्ही समजून घेऊ." साहेबांचा आवाज खरोखर मायेचा होता. बहिणीची पावलं मागे गेली.

मग भाऊ बोलला. कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या करकरत होत्या. तळहात छातीवर आपटला. बोटांवर बोटं आपटली. श्वास वाढत गेला. एकदा घशातून आवाज आला, पण त्यात एकही अक्षर नव्हतं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी बाहीची करकर, श्वास, सगळं इमानेइतबारे पुढे पाठवलं.

घंटा वाजली. ती त्याला ऐकू गेली नाही, म्हणून शिपायानं जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. "धन्यवाद. तुमची भावना आमच्यापर्यंत पोचली," साहेब म्हणाले.

पुढे टायपिस्टबाई मामांच्या खोलीत आल्या. "मामा, इथं नुसतीच खरखर आहे हो. आवाज किती वाढवू?"

मामांनी सगळं सांगितलं. आई, बाक, दारावरचा दिवा. बाई हळहळल्या आणि साहेबांनाच घेऊन आल्या.

साहेबांना मात्र ते रुचलं नाही. "मामा सांगणार, तुम्ही टाईप करणार आणि सूचना त्यांच्या नावावर? मग नियम कशाला केला आपण?"

"मग काय लिहू, साहेब? 'काही बोलले नाहीत' असं लिहू?"

"छे, छे. तो त्यांचा अपमान होईल." साहेबांनी खरोखरच विचार केला. "असं लिहा, माईक नादुरुस्त असल्यानं नोंद होऊ शकली नाही."

"साहेब, माईक ठणठणीत आहे माझा," मामा म्हणाले.

"अहो मामा, माईकला काय वाईट वाटणार आहे?"

तेही खरंच होतं. मला काही वाटलं नाही.

पण कागदावर एकदा नादुरुस्त म्हटल्यावर मला वापरणार कसं? नवा माईक आला. खापर माझ्या माथी फुटलं आणि मी खणात आलो. इथं तुटक्या वायरी आहेत, संपलेले सेल आहेत. त्यांच्याशी बोलण्यासारखं काही नाही.

धोरण छापून बाहेर आलं. काही दिवसांनी मागच्या खोलीच्या दारात तोच बहिणीचा आवाज आला.

"मामा, सगळं वाचलं मी. बसच्या पायरीचं आहे, पुस्तकांचंही आहे. दिव्याचं कुठेच नाही. दादा रोज विचारतो, म्हणून आज त्यालाही घेऊन आले."

मामांना खरं सांगणं जिवावर आलं असावं. "त्या वेळी माईक नादुरुस्त होता, असं लिहिलंय," एवढंच ते म्हणाले. त्यांनी खण उघडला आणि मला तिच्या हातात दिलं. "हा तो."

तिनं मला भावाकडे दिलं. इस्त्रीनं राठ झालेली बोटं माझ्यावरून सावकाश फिरली. मग तो मला काखेत धरून बराच वेळ हातवारे करत राहिला. माझ्या कानाशी बाही करकरत होती.

"काय म्हणतायत?" मामांनी विचारलं.

"म्हणतोय, असू दे. यंत्र आहे, बिघडायचंच. दुरुस्त झाला की कळवा. तो रजा काढून परत येईल, आणि सगळं पहिल्यापासून सांगेल."

"बरं," मामा म्हणाले. त्यांनी मला परत घेतलं आणि खणात ठेवलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमची डागडुजी करा. माझं तसलं मागणं नाही. मोठेपणी तुम्ही कधी साहेबांच्या खुर्चीत बसलात आणि लोकांना बोलायला बोलावलंत, तर समोरचा जसा बोलतो तसं समजून घेणारं माणूस शेवटपर्यंत बसवून ठेवा. माझ्यात काही बिघाड नाही. कधी नव्हताच. आणि तो भाऊ तिकडे लाँड्रीत माझ्या दुरुस्तीची वाट पाहतो आहे.