डावीकडची बिजागरी

दुकानाच्या पाटीवर ‘कुशनचं काम’ एवढंच लिहिलेलं, म्हणून गल्लीत ती कुशनवाली. आणि तिचा नवरा मायक्रॉन. हे नाव कारखान्यातून निवृत्तीच्या कागदांबरोबर घरी आलं होतं. चाळीस वर्षं लेथवर उभं राहून केसाच्या जाडीचेही भाग पाडून लोखंड उतरवणारा माणूस. घरी पलंगावर चादर घातली, तरी दोन्हीकडची लोंबती कड सारखी आहे का, हे वाकून बघायचा.

गाडी आली ती गाडी म्हणून आलीच नाही, सामान म्हणून आली. दोन माणसांची, उघडी, डोक्यावर कापडी हूड असलेली जुनी स्पोर्ट्स गाडी. कुणाच्या तरी गोदामात ती बावीस वर्षं पडून होती. टेम्पोतून आधी तिचा सांगाडा उतरला आणि मग अकरा पोती. सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या.

“हिला चालवणार कोण?” तिनं विचारलं होतं.

“आधी जोडू तर दे.”

“आणि जोडणार कोण?”

“लोखंड माझं, कापड तुझं,” मायक्रॉन म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला इतकं गोड दुसरं काही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

चार वर्षं गेली. इंजिन झालं, ब्रेक झाले, सीट तर तिनं एका पावसाळ्यात उरकल्या. अडलं ते हुडापाशी. हुडाच्या चौकटीला दोन बिजागऱ्या. उजवीकडची साधी, सरळ, पोत्यातच सापडली. डावीकडची नव्हती. आणि ती सरळ नव्हती हेही नक्की, कारण त्या अंगाला पेट्रोलची नळी वर येत होती. तिला बगल देण्यासाठी बिजागरीला एक बाक होता. तो कुठून वळतो, किती वळतो, हे पुस्तकाशिवाय कळणार नव्हतं.

भंगारवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “वहिनी, मिळाली तर मलाही दाखवा, मी अजून पाहिलेली नाही.” मग पुस्तकाचा शोध. फोन झाले, पत्रं झाली, अनोळखी लोकांशी ओळखी झाल्या. टपालानं पहिलं पुस्तक आलं, ते बंद टपाच्या गाडीचं. दुसरं दोन वर्षांनंतरच्या गाडीचं. त्यात हूड वेगळाच. तिसरं मात्र नेमकं हवं ते. बांधणी शाबूत, पानं पिवळी, वास जुन्या कपाटाचा. पण वाळवीनं बरोबर हुडाचंच प्रकरण वाचून संपवलं होतं.

या चार वर्षांत आणखी एक गोष्ट झाली होती. दोघांनीही तिचा उच्चार करायचा नाही असं न बोलताच ठरलं होतं. मायक्रॉन विसरू लागले होते. चष्मा, किल्ल्या हे सगळेच विसरतात. पण एकदा ते दूध आणायला गेले आणि कोपऱ्यावर उभे राहिले, कशाला आलो ते आठवेना म्हणून. एकदा तिला एकाच सकाळी तीनदा विचारलं, धाकट्या लेकीचा फोन आला होता का. त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी वडील मुलालाच ‘तुमचं गाव कुठलं’ म्हणून विचारायचे. तिनं डॉक्टरांची वेळ घेतली होती. एकदा घेतली, दोनदा घेतली. दोन्ही वेळा मायक्रॉननी कळवून टाकलं, जमत नाही.

“गाडी पुरी होऊ दे,” ते म्हणायचे. “हातातलं काम नीट होतंय ना? मग डोकंही नीटच आहे.”

आणि काम खरंच नीट होत होतं.

शेवटी एका गॅरेजवाल्यानं ड्रॉइंगसाहेबांचा पत्ता दिला. म्हातारे निवृत्त ड्राफ्ट्समन, एकटे राहणारे; गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती, पुस्तकं मात्र भिंतभर. “पण सांभाळून,” गॅरेजवाला म्हणाला. “पुस्तक घराबाहेर जात नाही. फोटोही काढू देत नाहीत.”

“तुम्हीच जा ना,” ती नवऱ्याला म्हणाली.

“नको. हुडाच्या कापडाची चित्रंही उतरवायची आहेत. तुझी पेन्सिल बरी.” मग म्हणाले, “मी गेलो, तर काहीतरी विसरून येईन.”

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की ती पदर खोचून लगेच निघाली. घरात थांबली असती तर डोळे भरून आले असते.

ड्रॉइंगसाहेबांनी आधी तिला हात धुवायला लावले. मग टेबलावर पांढरा कागद अंथरला, त्यावर पुस्तक ठेवलं, जसं कुणी पाळण्यात मूल ठेवावं.

“फोटो का नको, साहेब?” तिनं विचारलं.

“फोटो काढणारा माणूस बघत नाही, वहिनी. त्याला वाटतं, यंत्रानं बघितलं. पेन्सिल धरली की बघावंच लागतं.”

“बरोबर आहे.”

“बरोबर आहेच. चहा घ्याल? टेबलापासून लांब बसून.”

साडेतीन तास ती उतरवत बसली. कापडाचे पाच तुकडे आणि बिजागरीचं एक चित्र. प्रत्येक माप, प्रत्येक भोक, चित्राखालची ओळसुद्धा: ‘गाडीच्या आतून पाहिल्यास’. उठताना ड्रॉइंगसाहेबांनी लाल पेन्सिल घेतली आणि तिच्या कागदावरचा एकेक आकडा पुस्तकाशी ताडून त्यावर टिंब दिलं. सगळ्या आकड्यांवर टिंबं पडली तेव्हा ते म्हणाले, “नोकरीत असतो तर तुम्हाला घेतलं असतं.” ती घरी आली ती हवेतच.

मायक्रॉननी नऊ दिवस घेतले. पोलादाचा ठोकळा आधी कापला, मग मशीनवर आणला, मग कानस. कानशीचा तो एकसुरी आवाज घरभर चाले, आणि ती दुकानात शिवत असली तरी तिला तो मागच्या भिंतीतून ऐकू येई. पुढे ढकलताना खर्र, मागे घेताना गप्प. तो आवाज असेपर्यंत तिला वाटे, सगळं ठीक आहे.

पेट्रोलची टाकी आणि नळी तेवढ्या दिवसांत पत्र्याच्या कामाला बाहेर गेल्या होत्या. गुरुवारी त्या परत आल्या, जागेवर बसल्या. दुपारी बिजागरी लावली. चारही भोकं जागच्या जागी. मायक्रॉननी हुडाची चौकट हलकेच मागे दुमडली आणि अर्ध्यात ती ठक्कन अडली.

त्यांनी वाकून पाहिलं. बिजागरीचा बाक पुढच्या बाजूला हवा होता. तो मागे वळला होता, नेमका नळीच्या छातीवर.

त्यांनी चौकट परत वर घेतली. पुन्हा दुमडली. पुन्हा ठक्क.

“आतून लिहिलं होतं,” ते म्हणाले. “आतून पाहिल्यास. आणि मी बाहेरून धरलं.”

“चित्र बघू या का एकदा?”

“काय बघायचंय? डोळ्यासमोर आहे ना.” त्यांनी बिजागरी सोडवली, कापडात गुंडाळली, तिचा कागदही त्यातच घातला आणि खणात ठेवून दिली. “लेथवर उलटा तुकडा नवशिक्याही काढत नाही गं. चाळीस वर्षांत एक नाही.”

तिलाही कागद उघडायचा धीर झाला नाही. उघडला, आणि चूक त्यांचीच निघाली, तर?

संध्याकाळी त्यांनी एका गाड्या जमवणाऱ्याला फोन केला. रविवारी टेम्पो घेऊन या म्हणाले, जशी आहे तशी उचला. नंतर जेवताना त्यांनी विचारलं, धाकटीचा फोन आला होता का. आला होता, ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, आणि आपण हे आधीही विचारलंय का, हे तिच्या चेहऱ्यावर शोधू लागले. ही नजर नवी होती.

शुक्रवारी ती स्कूटरच्या सीटचं कव्हर बेतत होती. रेक्झिन पसरलं, उलटी बाजू वर. जुनं कव्हर त्यावर टाकलं आणि खडू फिरवायच्या आधी तिच्या हातानं ते उचलून पालथं केलं. तिनं केलं नाही, हातानं केलं. आखणी कापडाच्या मागच्या अंगावर होते, म्हणून नमुना नेहमी पालथा घालायचा. तीस वर्षांची सवय. श्वास घ्यावा तशी.

खडू हातातच राहिला.

घरात गेली. मायक्रॉन आडवे झाले होते. तिनं खण उघडून कागद काढला आणि दुकान तसंच उघडं टाकून बस पकडली.

ड्रॉइंगसाहेबांनी या वेळी हात धुवायला सांगितलं नाही, इतका तिचा चेहरा उतरलेला. पुस्तकातलं चित्र आणि तिचं चित्र शेजारी ठेवलं. पुस्तकातला बाक उजवीकडे. तिचा डावीकडे.

“तुम्ही चित्र पालथं केलंत,” ते सावकाश म्हणाले. “म्हणजे ते झालं बाहेरून पाहिल्यासारखं. आणि खाली ओळ मात्र आतलीच ठेवलीत.”

“त्यांनी ओळीवर विश्वास ठेवला.”

“ठेवणारच. कागदावर लिहिलंय.” त्यांनी आपलीच लाल टिंबं पाहिली, एकेक करून, बराच वेळ. “आकडे मी तपासले, वहिनी. चित्राकडे बघितलंच नाही.” मग खुर्चीत मागे टेकले. “फोटो काढू दिला असता तर बरं झालं असतं.”

परतीच्या बसमध्ये तिच्या मनात एक गोष्ट येऊन गेली. तिच्या दुकानातून आजवर एकही तुकडा उलटा बेतून गेला नव्हता. गिऱ्हाइकांना ती हे ऐकवायचीही. पुढचं स्टँड येईपर्यंत तिला त्या गोष्टीचं हसू आलं.

मायक्रॉन गाडीपाशी होते, रविवारसाठी सुटं सामान खोक्यात भरत होते.

“अहो, ते राहू द्या. चूक माझी आहे.”

“कसली?”

तिनं सांगितलं. रेक्झिन, पालथा नमुना, ओळ, टिंबं, सगळं. सांगताना तिनं कागद उजेडाकडे धरला आणि मागून दाखवला. मागून बघितलं की बाक उजवीकडे येत होता.

खणातून त्यांनी बिजागरी काढली. खोक्यातला गाडीचा आरसा घेतला, बिजागरी त्याच्यासमोर धरली. आरशात पुस्तकातली बिजागरी होती, बाक पुढे वळलेला, हवा तिथे, हवा तेवढा.

मग त्यांनी मायक्रोमीटर काढला आणि एकेक माप घेऊ लागले. “वाच,” म्हणाले. ती कागदावरचा आकडा वाचे, ते यंत्राचा आकडा सांगत. दोन्ही जुळत. अकरा मापं, अकराही जुळली. लोखंडाचं माप संपलं, तरी ते बिजागरीकडे बघत राहिले, जसं कुणी हरवलेलं आपलंच काही बघावं.

“म्हणजे मला सांगितलं तसंच मी कापलं,” ते म्हणाले.

“सुतासारखं.”

“सांगणारीच उलटी.”

“हो.”

“चाळीस वर्षं हेच म्हणतोय.”

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. फोन त्यांनी स्वतःच केला, टेम्पो नको म्हणून. समोरचा कुरकुरला असावा, कारण मायक्रॉन म्हणाले, “बायकोचं ठरलंय, माझं काय चालतं.”

दुसरी बिजागरी सहा दिवसांत झाली. या वेळी ती कागद घेऊन शेजारी बसे आणि प्रत्येक कापाआधी ते विचारत, “पुढे?” ती म्हणे, “पुढे.” दोन दिवस त्यांनी तेच माप दोनदा विचारलं. तिनं दोनदा सांगितलं. बिजागरी लागली, चौकट मागे गेली, नळीला बोटभर जागा सोडून खाली निजली. तिनं कापड चढवलं, शेवटचं बटण लावलं, आणि दोघं आत बसले. हुडाखाली नव्या कापडाचा वास होता आणि उजेड थोडा हिरवट.

मायक्रॉननी स्टिअरिंगवर हात ठेवले.

“डॉक्टरची वेळ परत घे,” ते म्हणाले.

“घेतलीये. बुधवारी साडेदहा.”

“कधी घेतलीस?”

“तुम्ही दुसऱ्यांदा जमत नाही म्हणून कळवलंत, त्याच दिवशी.”

त्यांनी मान हलवली. “लोखंडाचं कळलं. डोक्याचंही कळू दे एकदा. जे असेल ते मापून घेऊ.” मग म्हणाले, “तू आत ये माझ्याबरोबर. तो काय सांगेल ते लिहून घे. फक्त पालथं करू नकोस.”

“आणि जाताना हूड?”

त्यांनी हात वर करून काचेवरचा खटका सोडला. “मागे,” ते म्हणाले, आणि दोघांनी मिळून हूड दुमडायला घेतला, उजवीकडून ते, डावीकडून ती.